उलटा पळालेला बब्रुवान

बेंबळीत बब्रुवान सोनवणे म्हणून विचारलं तर माणसं क्षणभर विचारात पडत. 'दोस्तासाठी भरती सोडलेला बब्रुवान' म्हटलं की मात्र कुणीही घरापर्यंत नेऊन सोडी. माणसाला नाव आईबाप ठेवतात, ओळख गाव ठेवतं, आणि दोन्ही वेळा त्याला स्वतःला कुणी विचारत नाही. बब्रुवानलाही कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं का, हा प्रश्न वेगळा. आठ वर्षं तरी त्यानं ते सांगितलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात त्यानं आणि त्याच्या आईनं, भिमाबाईनं, रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्याच टोळीत गावातल्या शेतकऱ्याचा पोरगा व्यंकट होता. एरवी व्यंकटची आई बब्रुवानसारख्या बौद्धवाड्यातल्या माणसाला पाणी वरून ओतायची. पण त्या साली विहीरच आटली आणि दुष्काळानं सगळ्यांच्या हातात एकच हातोडा दिला. कामावर माप टोळीचं निघे, एकेकट्याचं नाही. त्यामुळं ज्याचा ढीग आधी पुरा होई, तो मागं राहिलेल्याच्या ढिगाजवळ जाऊन बसे आणि न बोलता फोडायला लागे. यात कुणी उपकार करत नव्हतं. ते तसंच करायचं असतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

दुष्काळ सरला, दोघं कसेबसे मॅट्रिक झाले, आणि पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात पोलीस भरतीच्या नादानं त्याच रस्त्यावर पळायला लागले. तिसरा धुळाप्पा. त्याला ना शाळा ना भरती. घरची मेंढरं राखायची.

"तू कशाला पळलालास रं?" व्यंकटनं विचारलं.

"मेंढरामागं रोज पळतोच की. चार दिस तुमच्यामागं पळतो. तुमी तरी कुठं लई येगळे?" धुळाप्पा म्हणाला.

पळायची रीत त्यांनी खडीवरचीच उचलली. पुढचा गडी अधूनमधून मान न वळवता ओरडे, "हाय का?" मागून "हाय!" आलं की पुढं जायचं. नाही आलं तर पुढच्यानं वळायचं, मागच्याला गाठायचं आणि सोबत आणायचं. पुढं नेहमी बब्रुवान असे आणि मागं नेहमी व्यंकट.

वैशाखात ते आधी पहाटे पळत. मग धुळाप्पानं टोमणा मारला, "भरतीवाले काय सावली बघून बोलावणार हायेत व्हय तुमाला?" तेव्हापासून भर दुपारी. डोक्याला ओलं फडकं, पायांत काही नाही. खडीचा रस्ता तापून तव्यागत होई, घशाला कोरड पडे, कानशिलं ठणकत. तुळजापूरला जाणारी एसटी शेजारून गेली की तिची धूळ दाताखाली करकरे, आणि खिडकीतली माणसं या तिघांना येडपट समजून हसत. भिमाबाई ताकाचा तांब्या घेऊन बाभळीखाली बसे. तिच्या हाताला खडीनं पडलेले घट्टे अजून होते आणि आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. "औंदा तेवढं जमव बाबा," एवढंच ती म्हणे. वयाच्या अटीत बब्रुवानची ही एकच भरती बसत होती. पुढच्या साली तो बाद ठरणार होता. व्यंकटला अजून दोन वर्षं होती.

मार्गशीर्ष-पौषात मात्र पळणं म्हणजे सुखच. ज्वारी कमरेएवढी झालेली, हरभऱ्यावर दव, तोंडातून वाफा. थंडीत दम पुरतो आणि माणूस स्वतःला लई शहाणा समजायला लागतो. धुळाप्पा घोंगडं पांघरूनच पळे. थांबले की कुणाच्या तरी शेतातले हरभऱ्याचे ढाळे उपटायचे आणि आपण फौजदार झाल्यावर चोरीची फिर्याद घेऊन आलेल्या या शेतकऱ्याला कसं वाटेला लावू, यावर वाद घालायचा. बब्रुवानला पुढं आयुष्यभर वाटत राहिलं की आपण खरे सुखी होतो ते त्या दोन महिन्यांत.

भरती निघाली चैत्राच्या शेवटी, उस्मानाबादच्या मैदानावर, ऐन उन्हात. मैदानाला चार फेऱ्या. धुळाप्पा कुंपणाला लटकून बघत होता. दोन फेऱ्यांत बब्रुवान पहिल्या पाचांत होता. छाती मोकळी, पाय हलके. वैशाखातल्या दुपारी आता कामाला आल्या होत्या. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हाय का?"

मागून उत्तर आलं नाही. व्यंकटच्या बरगडीखाली कळ आली होती, त्याला बोलवत नव्हतं. आणि बब्रुवान वळला.

पाचसात पावलं तो उलटा पळाला. समोरून येणारी पोरं त्याला आदळली, शिव्या देत गेली. तेव्हा कुठं त्याला उमगलं की आपण काय करतोय. हवालदाराची शिट्टी वाजली होती, दुसऱ्यानं हाताला धरून त्याला रेषेबाहेर काढलं. बब्रुवान गयावया करत होता. भरतीच्या साहेबांनी नंबर खोडला आणि शांतपणे म्हणाले, "उलटा पळणारा पोलीस घेऊन आम्ही काय करू?"

व्यंकटनं काय पाहिलं, तर बब्रुवान आपल्याकडं धावत येतोय. तो असा काही पेटला की कळ विसरून उरलेलं अंतर पळाला आणि वेळेत बसला. निवड झाली.

धुळाप्पा गावात आधी पोचला. तोंडाचा तोटा त्याला कधीच नव्हता. संध्याकाळपर्यंत पारावर गोष्ट तयार होती: बब्रुवाननं दोस्त मागं पडलेला बघितला आणि नोकरीवर लाथ मारली. सरपंच हिंमतरावांनी घरी बोलावून नारळ दिला. ज्या घरात वरून पाणी मिळे, त्या घरात व्यंकटच्या आईनं त्याला ताटावर बसवलं. भिमाबाई तेवढी दुसऱ्या दिवशी तोच हात घेऊन परत कामाला गेली.

खरं सांगायला बब्रुवाननं तोंड उघडलं नाही असं नाही. पण 'पाय चुकून वळले' म्हणणाऱ्याला गाव येडं म्हणतं आणि 'दोस्तासाठी वळलो' म्हणणाऱ्याला देवमाणूस. कुणीही दुसरंच पत्करेल. शिवाय गोष्ट कामाला येत गेली. नवा साखर कारखाना उभा राहिला तेव्हा संचालकांनी 'असा भरवशाचा माणूस कुठं मिळणार' म्हणून त्याला गेटवर घेतला. 'दोस्ताला जो अंतर देत नाही तो बायकोला काय देईल' म्हणत सासऱ्यानं तारामती दिली. फक्त एकट्यानं ऊसगाड्या मोजताना त्याला कधी कधी व्यंकटचा असा राग येई की मोजणी चुके. एक 'हाय' म्हणायला काय झालं होतं त्याला!

आणि व्यंकट? तो दर दिवाळीला भिमाबाईला लुगडं धाडी आणि स्वतः येत नसे. सुट्टीत आला तरी पाठीमागच्या वाटेनं घरात शिरे. पुढं पुढं येणंच बंद झालं.

चौऱ्याऐंशी साली गळीत हंगामाच्या मोळी टाकायच्या कार्यक्रमाला पुढारी येणार होते. बंदोबस्ताला जे पोलीस आले, त्यांत व्यंकट होता. ड्युटी नेमकी गेटवर. सकाळपासून दोघं एका गेटच्या दोन खांबांना उभे. ना रामराम, ना ओळख. दुपारी पुढारी आत गेले, गर्दी हटली, तेव्हा व्यंकटनं टोपी काढली. केस विरळ झाले होते.

"बब्रुवान, ह्यो डगला तुजा हाय," तो म्हणाला. "रोज सकाळी अंगात घालताना वाटतंय. पोरगं झालं तवा पेढे घेऊन यावं म्हणलं, पर पाय उचलंना. म्या तुजं कसं फेडावं, तूच सांग." त्याचे डोळे भरले होते.

बब्रुवाननं आजूबाजूला पाहिलं. पलीकडं कारखान्याचे दोन कामगार बसले होते, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. गेटवरची नोकरी, पारावरचा मान, सासऱ्याचा शब्द, सगळं एका गोष्टीवर उभं होतं. पण समोरचा माणूस त्याच गोष्टीखाली आठ वर्षं दबून पडला होता, आणि ते त्याला आजवर कळलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"काय बी फेडू नगंस," तो आवाज न चोरता म्हणाला. "म्या तुज्यासाठी वळलोच न्हाय. पाय वळले. कळलं असतं तर वळलो नसतो. तू तिथं मेला असतास तरी न्हाय."

कामगारांनी माना वर केल्या. व्यंकट एक पाऊल पुढं आला.

"मंग आठ वर्सं म्या तोंड लपवीत फिरलो ते?"

"उगाच. आन म्या देव हून बसलो, ते बी उगाच."

व्यंकटनं बाहीनं डोळे पुसले आणि त्याला एक अस्सल बेंबळीची शिवी हासडली. आठ वर्षांत बब्रुवानला कुणी शिवी दिली नव्हती.