बोटीचा एक कप्पा

उन्हात पसरलेल्या नव्या हवेच्या बोटीला कोऱ्या रेनकोटासारखा एक उग्र, गोडसर वास असतो. दिवाळीच्या सुट्टीत झरीच्या आमच्या अंगणात तो वास दोन दिवस मुक्कामाला होता. आणि धाकट्या जावेची लेकरं, सात वर्षांची आरोही आणि पाच वर्षांचा वेदांत, त्या बोटीत बसूनच जेवत होती.

बोट निवडणं म्हणजे रंग निवडणं नव्हे, हे लेकरांना कोण सांगणार! परभणीच्या दुकानात दोघांनी बदकाच्या चोचीची पिवळी बोट कवटाळली होती. मी ती उलटीपालटी करून पाहिली. हवेचा कप्पा एकच. एक काटा लागला की अख्खं बदक चपटं. आणि आमच्या धरणाच्या फुगवट्यात तर कितीतरी बाभळी पाण्याखाली उभ्या! दुकानदार म्हणाला, "ताई, दोन लेकरं आरामात बसतेत." मी विचारलं, "अन् त्यांना धरायला मी कुठं बसू? चोचीवर?" तो हसला आणि मागून एक राखाडी, कुरूप बोट काढली: तीन वेगळे कप्पे, जाड तळ, दोरासाठी कड्या, एक मोठं माणूस आणि दोन लेकरं एवढी जागा. आरोहीने नाक मुरडलं. पाण्यावर रूप काय कामाचं? लाइफ जॅकेटं मात्र सगळ्यांना घेतली आणि लेकरांना रंग त्यांचे त्यांना निवडू दिले.

प्रश्न जावेचा होता. सुमन स्पष्ट म्हणाली, "अक्का, आमी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहलो, पर कड हाताशी होती. हितं कड कुठं हाय? म्या लेकरं देणार न्हाई." तिचं चूक नव्हतं. भीतीची समजूत घालत बसण्यापेक्षा तिला डोळ्यांनी पाहू द्यावं, हे बरं.

म्हणून धरणावर गुडघाभर पाण्यात आम्ही तिघं बोटीत बसलो, दोराचं टोक सुमनच्या हातात दिलं आणि मी एका कप्प्याची हवा चक्क सोडून दिली. एक बाजू लोळागोळा झाली, पाणी मांडीवर आलं, लेकरं आनंदाने किंचाळली. पण बोट तरंगत राहिली. सुमनने दोराला दोन हिसके देऊन पाहिले. मग म्हणाली, "बरं. आता हवा भरा."

त्यानंतर आम्ही जरा पुढे गेलो की दोर ताणायचा, आणि ती ओढून घ्यायची. "अगं, बैल हाव का आमी? ढील दे की!" मी ओरडले. शेवटी तिनेच पदर खोचला, जॅकेट चढवलं. "उतरा अक्का. आता म्या बसते."

मोठ्या माणसाची जागा एकच; मी उतरले आणि दोर धरला. बोटीतून जे अंतर चार पावलांचं वाटत होतं, ते काठावरून केवढं दिसतं! दोर ताणला आणि माझ्या नकळत मी तो ओढला. "अक्का, ढील द्या की!" सुमन खिदळत होती.

दिली, हातभर. तिन्ही कप्पे मी स्वतः दोनदा तपासले होते. तळहातांना त्याच नव्या बोटीचा उग्र, गोडसर वास लागला होता, आणि उरलेला दोर मी मुठीत घट्ट धरून उभी होते.