दुसरा ठोका

दिवेलागण झाली की केळुसकर सर समोरच्या गॅलरीतून ओरडायचे, "बाई, करा बंद!" मी माझ्या गॅलरीतला दिवा मालवायचे. सर चमच्याने फुलपात्रावर एक ठोका मारायचे. दिवा लावला की दुसरा. ठोक्यांमधली वेळ मोजायला शेजारी टेपरेकॉर्डर चालू. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना वेड्यात काढायचे. मी मराठीची शिक्षिका, सरांचा ध्यास आकाशातले दगड; दगडांशी माझा संबंध डाळीतल्या खड्यांपुरता, पण मला ते आवडायचे.

सर कल्याणच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. अवकाशात फिरणारा एखादा दगड ताऱ्याच्या आड आला की तारा काही क्षण विझतो. तोच तारा पुन्हा एकदा, निमिषभर विझला, तर त्या दगडाभोवती आणखी एक पिल्लू फिरतंय असं समजायचं. सरांना ते पिल्लू पकडायचं होतं. पण अशा दगडाची सावली नेमकी डोंबिवलीवरून जाणं दुर्मिळ, म्हणून माझ्या दिव्यालाच तारा मानून हा रोजचा सराव.

दोन ठोक्यांच्या मध्ये कुणी हूं की चूं करायचं नाही. हा नियम सगळ्यांत चोख पाळायची त्यांची मुलगी शकू. वय तिशीचं, समज चार वर्षांची. आई केव्हाच गेलेली. पहिला ठोका पडला की शकू जागच्या जागी थिजायची. दुसरा पडला की टाळी वाजवून हात पुढे करायची आणि सर त्यावर बिस्किट ठेवायचे.

नव्वदच्या दशकात एका यानाने दूरच्या लघुग्रहाचा चंद्रासकट फोटो पाठवला. मी पेपर घेऊन धावतच गेले. "सर, पेढे काढा!"

सर हसले नाहीत. "हा लांबचा, म्हणून टिकलाय. पृथ्वीजवळून जाणाऱ्या दगडांनाही असणार हो असे चंद्र. पण एवढ्याशा दगडाची ओढ ती केवढी! पृथ्वीने जरा हिसका दिला की लहानगं सुटलंच."

"मग कुठे जातं ते?"

आत शकू वाटीशी खेळत होती. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "तेवढं गणित मला जमत नाही, बाई."

त्यानंतर ते शकूसाठी संस्था शोधू लागले. प्रत्येक ठिकाणाहून नाक मुरडून परत यायचे. ठाण्याची एक बघून येताना खोपटच्या एसटी स्टँडवर कोसळले, ते गेलेच. ती संस्था त्यांना पसंत पडली होती की नाही, कुणालाच कळलं नाही. पुतण्याने फ्लॅट विकला आणि शकूला तिथेच ठेवलं. त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मी भेटायला गेले तेव्हा शकू निम्मी झाली होती. तिथल्या मावशी कुरकुरल्या, "लय हट्टी आहे हो तुमची ही. जेवणाची घंटा झाली की बसून राहते, हलतच नाही. किती वेळ थांबायचं? मग उचलतो आम्ही ताट."

तेवढ्यात घंटा झाली. एकच टोला. शकू थिजली.

मी तिच्या ताटातला चमचा उचलला आणि ताटावर ठोका मारला. शकूने टाळी वाजवली. मी पर्समधून बिस्किट काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते पाहिलंसुद्धा नाही. माझ्या मागे, दाराकडे हात पसरून ती बसून राहिली.