पाणचक्कीला रमले त्या दिवशी

छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा मनात एकच प्रश्न होता. गुहागर सोडून या कोरड्या शहरात मी राहू शकेन का? लेक रेवती शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला लागली होती आणि मला कायमचं राहायला बोलवत होती.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना तिने बजावलं, "आई, आज चारला नळ येईल. अंगणातली दोन्ही पिंपं भरून ठेव. चुकलं तर आठवडाभर पाणी नाही."

वेळ होता म्हणून पाणचक्की पाहायला गेले. उंच भिंतीवरून पाणी धो धो हौदात कोसळत होतं. वडाखाली बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "दूर डोंगरातून येतंय, अम्मा. मातीच्या नळांची नहर (जमिनीखालून आणलेली पाण्याची वाट) हाय. पहले या पाण्यावर जातं फिरायचं. फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळायचे इथं."

मी थक्क झाले. परक्या वाटसरूंच्या भाकरीसाठी कुणीतरी एवढ्या लांबून पाणी आणलं होतं! किती वेळ बघत बसले कोण जाणे. घड्याळात पाहिलं तर चार वाजत आलेले.

त्यात रिक्षा भडकल दरवाजाशी गर्दीत अडकली. घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. नळ सोडला, थेंबही नाही. लेकीला आता काय सांगू? रडूच आलं.

अंगणात गेले तर दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली. भिंतीवरून शेजारच्या बाई आपला पाइप गुंडाळत होत्या. या सुनंदाताई, मूळच्या जवळच्याच कन्नड तालुक्यातल्या. तोवर आमचं एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं.

"अहो, तुमचं भरलं का?" मी विचारलं.

"एक पिंप भरलं. एक ऱ्हायलं."

"मग आमचं आधी कशाला भरलंत?"

"तुम्ही नव्या. तुम्हाला काय ठावं इथलं? आन् पलीकडच्या भाभी दोन हंडे देते म्हणाल्यात. भागतंय. या, चहा टाकते."

पुढच्या पाण्याच्या दिवशी सुनंदाताई लग्नाला करमाडला गेल्या होत्या. मी तीनपासूनच त्यांच्या दारात पाइप धरून उभी होते. आधी त्यांची पिंपं, मग आमची.

गुहागरला परतल्यावर भावाने विचारलं, "काय गं, राहण्यासारखं आहे का ते शहर?"

"पाणी कमी आहे रे तिथे," मी म्हटलं, "पण माणसांना एकमेकांची तहान ठाऊक आहे."

मी माळ्यावरची ट्रंक काढली आणि साड्या भरायला घेतल्या.