तहानेची ओढ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नमाजात कपाळ टेकून अल्लाला सांगायला गेलो, तर भलतंच काही मागून उठलो. तुम्ही अनोळखी — म्हणून जमेल कदाचित.

मी रत्नागिरीकडचा. कुवेतला फहाहीलच्या एका दुकानात बरीच वर्षं काढली. ते बंद झाल्यावर वाळवंटातल्या एका लहानशा शेतावर राखणीला लागलो. माझी एक खोली, आणि कूलर लावलेल्या शेडमध्ये तीन अल्पाका — मालकानं नातवंडांसाठी हौसेनं आणलेली. उंटाच्याच कुळातली, पण लहानखुरी, लांब मानेची, अंगभर लोकर. दोन वेळा लसूणघास टाकायचा, कुंडीत पाणी ठेवायचं, एवढंच काम. मालक शुक्रवारी येई. एरवी माणसाचा आवाज नाही.

घरी फोन लावला की मुलगी म्हणायची, "अब्बा, क्लासला चाललेय, अम्मीशी बोला." अम्मी विचारायची, जेवलात का? जेवलो. मग फोन ठेवायचो.

एकदा मोटर बिघडली आणि कुंडी दुपारभर कोरडी राहिली. संध्याकाळी मी बादल्या घेऊन फाटकाशी गेलो, तर तिघंही धावत आली — अक्षरशः धावत! त्यातली तांबूस मादी, जिला मी सोनी म्हणायचो, तिनं बादलीच्या आधी माझ्या छातीलाच तोंड लावलं. मला पाहून कुणी असं शेवटचं धावलं होतं — कधी?

त्यानंतर... कसं सांगू? मोटर दुरुस्त झाली. पण मी सकाळी कुंडीचा नळ बंद करायला लागलो. रोज नाही. फार एकटं वाटे त्या दिवशी. दुपारी तिघंही कोरड्या कुंडीत तोंड घालून कण्हल्यासारखी हुंकारायची. खोलीत ऐकू यायचं. मी ऐकत बसायचो — आणि ऊन उतरलं की बादली उचलायचो.

जुलैत एकदा असाच नळ बंद करून चारा आणायला गेलो. परतताना पिकअप बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत दुपार सरली. शेजारच्या शेतावर ओळखीचा माणूस होता. "जरा नळ उघड" — एवढंच तर सांगायचं होतं. फोन हातात होता. पण त्यानं विचारलं असतं ना, नळ बंद कुणी केला?

मी फोन केला नाही.

पोचलो तेव्हा दोघं उभी होती. सोनी कुंडीपाशी पडलेली. तिच्या तोंडात पाणी ओतलं, ते कडेनं वाळूत गेलं.

मालक यायच्या आत मी कुंडी काठोकाठ भरून ठेवली. हो — रडत होतो, आणि भरतही होतो. त्यानं भरलेली कुंडी पाहिली, माझे डोळे पाहिले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, थंड डोंगरातलं जनावर, ऊन सोसलं नाही. मालकानं पाठीवर हात ठेवला, मोडक्या हिंदीत म्हणाला, "रोना नहीं. तुम उसका बाप था." त्याच्या आईनं माझ्यासाठी घरून जेवण पाठवलं. मी ते जेवलो. सगळं.

मालक अजून पाहुण्यांना सांगतो, हा माणूस जनावरासाठी लेकराला रडावं तसा रडला. पाहुणे मायेनं बघतात. मी मान खाली घालतो, त्यांना तो विनय वाटतो.

सोनी उन्हानं मेली नाही. तिला तहानलेली मी ठेवली होती — मुद्दाम.