सोडायची तेवढी न्हाय

शास्त्रीबुवा चिडले की संस्कृत पार विसरत. काशीत शिकून आलेला, जुन्या योगग्रंथांवर तासन्‌तास बोलणारा हा बारामतीचा विद्वान रागाच्या भरात आमच्याहून अस्सल गावठी बोले. आणि आमच्या सणसरच्या घरात त्यांना राग येई तो नेहमी एकाच गोष्टीचा, आमच्या देव्हाऱ्यातल्या पोथीचा.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. नाथपंथातल्या एका प्राचीन ग्रंथावर ते टीका लिहीत होते. पूर्वार्ध त्यांना मिळाला होता. त्याच्या शेवटच्या पानावर नकलणाऱ्याने उत्तरार्ध आमच्या खापरपणजोबांना दिल्याची नोंद केली होती. "श्वास कसा आवरायचा ते मला कळलं. आवरल्यावर काय होतं, ते तुमच्या देव्हाऱ्यात आहे," असं ते माझ्या वडिलांना, आबांना, सांगत.

कालव्याच्या कडेने ते चालत येत. ओसरीवर टेकत, गूळपाणी घेत आणि लगेच विषय काढत. आबा हात जोडत. "बुवा, दर्शन घ्या, नारळ फोडा. सोडायची तेवढी न्हाय. आज्यानं बजावलंय, पोथी उघडली की घर बसलं."

"अवो, वाचायला लिवलीय का भ्यायला?" बुवा कडाडत. "पोथी हाय ती, नाग न्हाय!" मग काठी आपटत निघून जात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. सात वर्षं हे चाललं. घरातले सगळे त्यांना हसत. मीही हसलो.

सातव्या वर्षी मात्र ते ओरडले नाहीत. "आबा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. आणखी वर्षाने सोडलीत तर मला ती दिसायची नाही." आबा उठून देव्हाऱ्यापुढे बसले. मग त्यांनी देवाला कौल लावला. कौल उजवा आला.

बुवा अंघोळ करून, सोवळं नेसून बसले. पोथीचा लाल रुमाल सुटेना. तेल, कुंकू, फुलाने शिंपडलेलं पाणी, पिढ्यान्‌पिढ्यांची पूजा आत मुरली होती. पानांची गुळासारखी ढेप झाली होती. बुवांनी नखाने एक कड उचलली. चार अक्षरांचा तुकडा हातात आला आणि त्याचाही भुगा झाला.

"पानी कोन शिंपडतं?"

"मी," मी म्हणालो. "दर सोमवारी."

"शाळंत किती शिकलास?"

"सातवी पास हाय."

"म्हंजी वाचता येतंय तुला!" बुवा ओरडले. "बावीस वर्सांचा घोडा झालास. हितं, तुझ्या हाताखाली हुती ती. येक दिस तरी सोडून बघायची हुतीस! न्हाय कळलं तर न्हाय, पर वाचायची हुतीस!"

आई म्हणाली, "बुवा, च्या तरी घ्या." ते पायऱ्या उतरले. पुन्हा आले नाहीत. टीका पूर्वार्धापाशीच थांबली, आणि दोन वर्षांत बुवाही गेले.

लोक मला समजावतात, श्रद्धा होती, अडाणीपणा होता, सोडून द्या. का सोडून देऊ? आबा अडाणी होते, आई अडाणी होती. मी नव्हतो. माझा स्वतःवरचा संताप अजून गेलेला नाही, आणि तो जाऊही नये.

कारण बुवा पायऱ्या उतरून गेले त्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी आईने ती ढेप नव्या रुमालात बांधून देव्हाऱ्यात ठेवली. "शिंपड रं पोथीवर," ती म्हणाली. मी फूल पाण्यात बुडवलं आणि शिंपडलं.