शिकरणात कारळाची चटणी

११ जुलै, शुक्रवार. वर्गात बसून केळी सोलत होते. पहिलीच्या मुलांकडून शिकरण करून घ्यायचं आणि चवी ओळखायला लावायच्या, असं मीच ठरवलं होतं. अर्धापूरला केळी मागावी लागत नाहीत, कुणीही घड आणून देतं. आजचा घड पार उतरलेला होता, सालं काळी पडलेली. मला पिकल्या केळ्याचा वास मुळीच सहन होत नाही.

नियम सांगितला : प्रत्येकाने चमचाभर खायचं, चव कशी ते सांगायचं, ‘छी’ म्हणायचं नाही.

मुलांनी हातांनीच केळी कुस्करली. दूध कोपरापर्यंत ओघळलं. एकाने नाक पुसलं आणि तोच हात पातेल्यात घातला. चमचे कमी पडले, म्हणून चाटलेलेच पुढे सरकत होते. माश्या आल्या. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

एक नवी मुलगी मागे बसायची. शाळेत आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. मधल्या सुट्टीत कुंपण ओलांडून घरी पळायची. दुसऱ्या दिवशी येईल याचा भरवसा नसायचा. आज तीच हातात वाटी घेऊन माझ्यापुढे आली. आतलं शिकरण राखेसारखं काळपट. आपल्या डब्यातली कारळाची चटणी तिने सगळी त्यात ओतली होती. तिच्या घरी चटणीशिवाय जेवण होत नसावं, मग हे तरी कसं व्हावं.

“छी म्हणायचं न्हाई मॅडम, तुम्हीच सांगितलंय,” पुढच्या बाकावरून एकजण म्हणाला.

“मॅडम तोंड वाकडं करून राहिल्या बघ,” त्याचा शेजारी.

मुलगी वाटी मागे घेऊ लागली. नजर दाराकडे.

मी चमचा तोंडात घातला. लसूण, केळं, तिखट, दूध. गिळलं.

“कसं लागलं?” तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“गोड. तिखट. खारट.”

“आवडलं का?”

“नाही.”

“मला बी न्हाई,” ती म्हणाली. मग माझ्या टेबलाजवळ बसून तिने डब्यातली भाकरी कोरडीच खाल्ली. मधली सुट्टी झाली तरी पळाली नाही.

घरी गेल्यावर दोनदा दात घासले. वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा होती. घरातले होते तेवढे चमचे पिशवीत घातले. केळं एकही नेलं नाही. ती वर्गात आलेली होती. पिशवी तिच्या हातात दिली आणि चमचे धुवायला नळावर पाठवलं.