आयनांची चाळणी

नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात नोकरीला होते. घड्याळांच्या केसेसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचांवर, सोनेरी थर चढवायचं आमचं काम. पोलादी टाकीतली हवा काढून आरगॉन आणि थोडा नायट्रोजन सोडायचा, वीज द्यायची, की काचेतून जांभळा उजेड दिसायचा आणि त्यात टायटॅनियम नायट्रोजनशी जुळून, सोनेरी होऊन कणाकणाने केसवर बसायचं. आमचा थर मात्र नखाने खरवडला की निघायचा. मालक साताऱ्याकडचे, तापट. म्हणाले, "मॅडम, दसऱ्यापर्यंत जमवा. न्हाय तर मशीन भंगारात आन् आपुन समदी घरी."

केसेस ज्या फिरत्या स्टँडवर लावतात त्याला व्होल्टेज दिलं, की गॅसचे आयन, म्हणजे वीजभारित कण, तिकडे ओढले जातात आणि चढत्या थरावर आपटून तो घट्ट ठोकतात. आमच्याकडे ते दमलेले येत असावेत, असा मला संशय होता. पण जोर मोजायचा कसा? मी रुपयाएवढी एक चाळणी बनवली. एकामागे एक बारीक जाळ्या, शेवटी मीटरला जोडलेला पत्रा. ती स्टँडवर केसच्या जागी बसवायची. जाळीवरचं, आयनांना मागे लोटणारं व्होल्टेज वाढवत न्यायचं. ज्याच्यात दम, तोच आयन पत्र्यापर्यंत पोचणार. तिला बोटाचं तेलही चालत नाही, म्हणून मालकांनी हात लावला की मी खेकसायची.

"सोवळं हाय का काय?"

"हो, सोवळंच!"

शेजारच्या गाळ्यातले प्रेस धडधडत असले की मीटर नुसता थरथरायचा. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं बसलो. मी व्होल्टेज वाढवत गेले. काटा जागचा हलेना, आणि वीस व्होल्टच्या आसपास एकदम कोसळला. कुणाला कधी न दिसणारे ते असंख्य आयन, आणि सगळ्यांचा दम एकाच ठिकाणी संपला! मी काही देवभोळी नव्हे, पण हात जोडावेसे वाटले.

मग डोक्यात प्रकाश पडला. मशीनवरचा डायल म्हणत होता, स्टँडला शंभर व्होल्ट मिळतायत. मग आयनांचा जोर विसाचाच कसा? उघडून पाहिलं, तर फिरत्या स्टँडला घासत वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा झिजला होता. तो बदलला, तसा काटा व्होल्टेज शंभराच्या पुढे गेल्यावरच पडला.

"दिसत न्हाईत, पन खोटं बी बोलत न्हाईत," मालक हळूच म्हणाले. दुसऱ्या दिवशीची केस त्यांनी किल्लीने खरवडून पाहिली. थर निघाला नाही.

दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार होता. मी पोचायच्या आधीच मालकांनी माझी चाळणी पाटावर मांडून भर जाळीवर हळदकुंकू वाहिलं होतं. मी खेकसायला तोंड उघडलं, तर ते डोळे मिटून, हात जोडून उभे. मी गुपचूप चप्पल काढली.

ती जाळी मी कधीच धुतली नाही. कामासाठी दुसरी बनवली.